पिवळा एकोणीस

सोमवार, ४ मार्च

आज सकाळी चिरंजीव तब्बल दोन वाक्यं बोलले. नोव्हेंबरपासून आमच्यात "चावी कुठेय" आणि "गिझर बंद केलात का" याच्या पुढे गाडी गेलेली नाही, म्हणून ही खास नोंद. पहिलं वाक्य, "माझी बदली झालीये, तीस एप्रिलला आम्ही निघतोय." दुसरं, "आईचं लिंबू मी नेणार, तुमच्याकडे ते टिकायचं नाही."

"का टिकायचं नाही?" मी विचारलं.

"वर जाऊन बघा ना. पानं पिवळी पडलीयेत. तुमच्या लक्षात आलं नसेल. येत नाहीच म्हणा."

हा टोमणा झाडाबद्दल नव्हता हे त्यालाही माहीत आणि मलाही. सूनबाई ओट्याशी पाठ करून उभी होती. तिने उगीचच नळ सोडला.

वर गच्चीत गेलो. पिवळी पडली आहेत खरी. चौतीस वर्षं मी रंगाच्या कारखान्यात शेड मॅचिंगला काढली. पिवळ्याच्या बत्तीस छटा, झोपेतून उठवलं तरी नंबरासकट सांगेन. कारखान्यात मला दुर्बीण म्हणायचे, आणि पुढे घरी हीसुद्धा म्हणायला लागली. त्या माणसाला त्याच्याच गच्चीवरचं झाड पिवळं पडल्याचं मुलाने सांगायचं.

संध्याकाळी त्याला म्हटलं, "तीस तारखेला झाड हिरवं असेल तर ते इथे राहील. नसेल तर खुशाल घेऊन जा."

"बघू," तो म्हणाला. याला मी होकार समजतो.

मंगळवार, ५ मार्च

कामाला पद्धतशीर सुरुवात केली. झाड नऊ वर्षांचं. हिने कलम आणलं तेव्हा वीतभर होतं. कारखान्यातला रिकामा ड्रम अर्धा कापून मीच आणून दिला, बुडाला दोन भोकंही मीच पाडली. तेवढ्यावर माझा सहभाग संपला. बाकी सगळं तिचं.

ग्रंथालयातून पुस्तक आणलं. शेंड्याकडच्या कोवळ्या पानांत शिरा हिरव्या आणि मधली जागा पिवळी, म्हणजे लोह कमी. आपल्याकडे हुबेहूब तेच. पान तोडून दहाच्या उन्हात, उत्तरेच्या कठड्याशी धरून पाहिलं: पिवळा बारा. खोलीतल्या उजेडात रंगाचा निकाल कधी द्यायचा नाही. आमच्या टेबलासमोरच्या भिंतीवर मी मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं होतं, "आधी उजेडावर संशय घ्या, मग रंगावर." नवीन पोरं हसायची आणि चार डबे परत आले की लिहून घ्यायची.

लोहाचं औषध घातलं. वर एक बादली पाणी. आता चार दिवस हात लावायचा नाही.

शनिवार, ९ मार्च

ड्रमखालची थाळी काठोकाठ भरलेली. मंगळवारनंतर मी थेंब घातलेला नाही. ड्रम ओल चांगली धरतो याचा अर्थ. माल पक्का होता त्या काळी.

जिन्यात चिरंजीवांच्या चपला ओल्या दिसल्या. सकाळी सहाला हा गच्चीवर काय करतो? सिगारेट पुन्हा सुरू झालेली दिसते. आई असती तर कान उपटले असते. मी बोलायला गेलो तर माझेच उपटले जातील.

ठरल्याप्रमाणे एक बादली घातली.

शुक्रवार, १५ मार्च

आता खालची जुनी पानंही बिघडली. देठाजवळ हिरवा त्रिकोण, बाकी पिवळं. पुस्तक म्हणतं मॅग्नेशियम. झाडाला मॅग्नेशियम कमी पडलं की ते जुन्या पानांतून काढून नव्या पानांना देतं, म्हणून जुनी आधी जातात. बरी व्यवस्था आहे. एप्सम सॉल्ट पाण्यात विरघळवून घातलं.

पुस्तकातली पुढची यादीही तपासली. नागअळी नाही, पानांवर तिच्या वेड्यावाकड्या रेघा दिसत नाहीत. खवलेकीड नाही. कोळ्याचं जाळं नाही. भिंगाने पानामागून पान पाहत दीड तास उभा होतो. मान आखडली.

उतरताना सूनबाई वर येताना भेटली, हातात तांब्या.

"काय गं?"

"काही नाही बाबा, जरा वाऱ्याला."

वाऱ्याला जाताना तांब्या कशाला लागतो हे विचारणार होतो, पण या घरात हल्ली प्रश्न विचारणं म्हणजे आगीत हात घालणं. सोडून दिलं.

गुरुवार, २१ मार्च

दुपारी पानं माना टाकून लोंबत होती. तहान, दुसरं काय! ऊनही मी म्हणतंय. दोन बादल्या घातल्या.

ही पाणी घालण्याआधी मातीत बोट खुपसायची, पार दुसऱ्या पेरापर्यंत. मी चिडवायचो, "बोट घालून काय कळतंय? रंग बघ, रंग." ती बोट पदराला पुसत म्हणायची, "दुर्बीण, तुम्हाला जवळचं कधी दिसणार?" मी हसायचो. तेव्हा तो विनोद होता.

गुरुवार, २८ मार्च

आज सहासष्ट पानं गळली. झाडून गोळा केली, रंगांप्रमाणे ढीग लावले. बारा नंबरची कमी, चौदा-पंधरा बरीच. आणि एका पानाचा रंग लागला पिवळा एकोणीस. किंचित हिरवट झाक, आतून मेणचट.

हा नंबर मी याआधी एकदा पाहिला आहे, आणि तो पानावर नव्हता. ते आज लिहिणार नाही.

मंगळवार, २ एप्रिल

चार चौक पलीकडे नर्सरी आहे, तिथे गेलो. चालवणारी बाई पन्नाशीची, गुडघ्यापर्यंत चिखल, तोंडाने फटकळ. मी पाच पाकिटांत पाच पानं नेली होती, पाकिटांवर छटेचा नंबर, तारीख, वेळ.

"हे काय काका, शाळेचा निकाल आणलात का?" पाकिटं तिने उघडलीसुद्धा नाहीत. "कुंडी उचलून बघितली? जड लागते की हलकी?"

"अर्धा ड्रम आहे. उचलणार कसा?"

"मातीत बोट घातलं?"

"नाही."

"मातीचा वास घेतला?"

"नाही."

"मग बघितलं काय तुम्ही महिनाभर?"

मी पाकिटांकडे बोट दाखवलं, घातलेली औषधं सांगितली. तिला माझी दया आली असावी. स्टूल पुढे सरकवून म्हणाली, "पानं बघून रोग कळतो हो, पण अर्धाच. लोह मातीत असेल, मॅग्नेशियमही असेल, तुम्ही तर वरून घातलंयही. पण मुळं पाण्यात बुडून सडली असतील तर ते उचलणार कोण? बुडालेलं झाड तहानलेल्यासारखंच मान टाकतं. आणि मग लोक आणखी पाणी घालतात. पाणी कोण घालतं?"

"मीच. चार दिवसांनी बादली. उन्हाळ्यात दोन. खालची थाळी मात्र सारखी भरलेली."

"तेवढ्याने थाळी सारखी भरलेली राहायची नाही. दुसरं कोणीतरी घालतंय. घरात विचारा."

घरात विचारा म्हणे. आमच्या घरात!

गुरुवार, ४ एप्रिल

पाण्याच्या टाकीमागे खुर्ची टाकून पावणेसहापासून बसलो. या वयात स्वतःच्या घरावर पाळत. लाज वाटली, पण बसलो.

सहा दहाला चिरंजीव आला. सिगारेट नव्हती, बादली होती. हळूहळू, बुंध्याभोवती फिरवून पाणी घातलं. मग बुंध्यावर हात ठेवून बराच वेळ उभा राहिला. तोंड पलीकडे होतं, त्यामुळे चेहरा दिसला नाही. गेला.

अकराला सूनबाई. तांब्या. एक, मग खाली जाऊन दुसरा. झाडाशी काहीतरी पुटपुटली आणि डोळे पुसून गेली.

आणि नर्सरीत जाईपर्यंत माझीही बादली पडतच होती. एक झाड, तिघं पाणी घालणारे, आणि तिघांपैकी एकानेही दुसऱ्याला सांगितलेलं नाही, कारण आम्ही बोलत नाही.

सूनबाईचं समजतं, तिला सासूचा लळा होता. पण हा का चोरून घालतो? झाड तर तो घेऊनच जाणार होता.

शुक्रवार, ५ एप्रिल

लिहून टाकतो.

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये संध्याकाळी ही कप विसळत होती. मागे वळून म्हणाली, "अहो, माझे डोळे पिवळे दिसतात का हो?" मी पाहिलं. पिवळा एकोणीस. शंकेला जागा नव्हती. पण डोक्यावर तो नवा दिवा होता, चिरंजीवांनी आठवड्यापूर्वी बसवलेला, पिवळ्या उजेडाचा. भिंतीवरचं माझंच वाक्य आठवलं. म्हटलं, "दिव्याचा पिवळा आहे तो. उद्या उन्हात बघू."

दुसऱ्या दिवशी मी पाहिलं नाही. विसरलो असं लिहिणार होतो, पण ते खोटं होईल. सकाळी ती दारात उन्हात उभी होती आणि मी पेपर वाचत बसलो. दिसलं तर काय करायचं, या भीतीने. तिनेही पुन्हा विचारलं नाही.

एक सप्टेंबरला ती जिन्यात कोसळली. डॉक्टरांनी पहिली गोष्ट काय केली, तर तिला खिडकीपाशी नेलं आणि पापणी खाली ओढली. खिडकीपाशी! चौतीस वर्षं रंगाचा प्रत्येक डबा मी खिडकीपाशी नेला. डॉक्टर म्हणाले, "तीन आठवडे आधी आला असतात तर..." चिरंजीवांनी ते अर्धं वाक्य उचललं, ते आजपर्यंत खाली ठेवलेलं नाही. नोव्हेंबरमध्ये ती गेली.

त्याला वाटतं, मला दिसलं नाही. मला दिसलं होतं, हे त्याला माहीत नाही.

जुनी डायरी काढून पाहिली. नऊ ऑगस्ट. माझंच अक्षर. "हिच्या डोळ्यांत १९? दिवा बदलून पाहणे."

रविवार, ७ एप्रिल

दोघांना गच्चीवर बोलावलं. म्हटलं, "तुम्ही दोघं पाणी घालता ते मला कळलंय. मीही घालतो. झाड बुडतंय. हात लावा, ड्रम आडवा करायचाय."

तिघांनी मिळून ड्रम कलता केला. आधी वास आला, तुंबलेल्या गटाराचा. मग काळं पाणी. दोन भोकांपैकी एक मुळांनी गच्च बुजलेलं. मुळं हातात घेतली तर वरचं साल मोज्यासारखं निसटून आलं, आत नुसता दोरा. पांढरी मुळं मोजून आठ-दहा.

सूनबाईने निसटलेलं साल उचललं. "माझ्यामुळे झालं हे. मला राहवत नव्हतं, बाबा."

"तुझ्या दोन तांब्यांनी नाही झालं," मी म्हटलं.

"झाडाचं नाही म्हणत मी." ती रडायला लागली. "आईंनी मला विचारलं होतं, डोळे पिवळे दिसतात का म्हणून. मी म्हटलं, तुमची झोप होत नाहीये, जरा पडा. माझी बैठक होती, घाई होती."

मग मला गप्प बसवेना. मी माझं सांगितलं. कप, दिवा, एकोणीस नंबर, सकाळचा पेपर, सगळं. मुलाकडे न बघता सांगितलं. वाटलं, आता हा ड्रम लाथाडेल, किंवा मला. तो कोपरापर्यंत चिखलात हात घालून तसाच बसला होता.

"कुठली तारीख?" त्याने विचारलं.

"नऊ ऑगस्ट."

"नक्की?"

"लिहिलेलं आहे."

"आणि तुला?" त्याने बायकोला विचारलं.

"अकरा किंवा बारा. बैठक बाराला होती, म्हणजे बाराच."

त्याने हाताचा चिखल ड्रमच्या काठाला पुसला. पुन्हा पुसला. मग म्हणाला, "म्हणजे माझ्यानंतर."

सूनबाईने डोळे पुसून वर बघितलं.

"सात तारखेला विचारलं होतं मला. मी म्हटलं, दिवा पिवळा आहे गं आई, मीच तर बसवलाय."

ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी त्याने तो दिवा काढून कचऱ्यात टाकला होता. मला वाटलं होतं, माझ्यावरचा राग दिव्यावर काढला.

सात, नऊ, बारा. एकामागून एक सगळ्यांना विचारून झालं. त्यानंतर विचारायला घरात कोणी उरलं नव्हतं.

सडलेली मुळं कापली. नर्सरीच्या बाईला फोन करून ती सांगेल तसं केलं. वरच्या निम्म्या फांद्या छाटल्या, नवी भुसभुशीत माती, छोटी कुंडी. दहा दिवस पाणी बंद.

गुरुवार, १८ एप्रिल

उरलेली सगळी पानं गळली. अठरा काड्या उभ्या आहेत.

बोलून टाकलं की मोकळं होईल असं वाटलं होतं. कसलं काय! आधी निदान एकमेकांवर चिडायला तरी येत होतं. आता तो मला दोष देऊ शकत नाही आणि मी त्याला समजावू शकत नाही. जेवताना तिघंही ताटात बघतो. पुन्हा चावी आणि गिझर.

सकाळी वर गेलो तर दोघं आधीच तिथे. कोणाच्या हातात बादली नव्हती, तांब्या नव्हता. थोडा वेळ उभे राहिलो आणि एकेक करून खाली आलो.

मंगळवार, ३० एप्रिल

गेले. ट्रक साडेनऊला आला, साडेअकराला खोल्या रिकाम्या.

मी कुंडी जिन्यापर्यंत आणून ठेवली होती. पैज मी हरलो होतो, हिरवं काही नव्हतं. त्याने कुंडीकडे पाहिलं आणि म्हणाला, "राहू दे तुमच्याकडेच." दानत म्हणून ठेवून गेला, की त्या काड्या रोज बघायची त्याला हिंमत नाही, मला कळलं नाही. तसं विचारायला हवं होतं. मी विचारलं, "गिझरचं बटण बंद केलंस का?"

सूनबाईने वाकून नमस्कार करावा तसं कुंडीपाशी वाकून मातीत बोट घातलं, दुसऱ्या पेरापर्यंत. "अजून ओल आहे, बाबा. चार दिवस घालू नका." बोट ओढणीला पुसलं.

बुधवार, १२ जून

सकाळी कुंडीत हिरवं दिसलं. बुंध्याशी, मातीपासून चार बोटांवर, एक नवी फूट, नखाएवढी. तसाच धावत खाली आलो आणि सूनबाईला फोन लावला. "पालवी फुटली!" मी ओरडलोच. ती हसली की रडली ते नीट कळलं नाही.

मग चष्मा घेऊन पुन्हा वर गेलो. दहाचं ऊन होतं, उत्तरेच्या कठड्याशी कुंडी नेली. रंग पहिल्या प्रतीचा हिरवा, एवढा स्वच्छ की कारखान्यात एका फटक्यात पास केला असता. पण या वेळी रंगावर थांबलो नाही. बोट लावून पाहिलं. बोटाला काटा टोचला, चांगला लांब. एका देठावर तीन-तीन पानांची जुडी. हिच्या लिंबाला एका देठाला एकच पान यायचं.

बुंध्याचं साल वरून नखाने खरवडत आलो. आत तपकिरी. आणखी खाली, तपकिरी. कलमाच्या जोडाची गाठ आहे तिथपर्यंत सगळं तपकिरी, कोरडं. गाठीच्या खाली ओलं हिरवं.

नर्सरीच्या बाईला फोन केला. ती आज फटकळपणे बोलली नाही. "ती खुंटाची फूट आहे, काका. ज्या रानटी रोपावर लिंबू बांधलं होतं, त्याची. खालचं जगलं. वरचं, लिंबाचं, ते गेलं."

खाली येऊन बसलो तोच चिरंजीवांचा फोन. गेल्यापासून पहिलाच.

"बाबा, ही म्हणतेय झाडाला पालवी आली?" त्याचा आवाज कित्येक वर्षांत मी असा ऐकलेला नाही. लहानपणी शाळेतून धावत येऊन बोलायचा तसा.

हो म्हणता आलं असतं. पालवी तर आलीच होती, आणि तो एवढ्या लांबून कुठे बघायला येणार होता? "हो, छान आहे," एवढं म्हटलं असतं तर कदाचित त्याने उद्याही फोन केला असता.

"आली आहे," मी म्हटलं. "पण जोडाच्या खालून. मी उन्हात नेऊन पाहिलं, हात लावून पाहिलं. ती खुंटाची आहे. आईचं लिंबू गेलं."

त्याच्या मागे कोणीतरी टाइप करत होतं, ते ऐकू येत होतं. फोन बंद झाला असं वाटून मी कानापासून दूर धरून पाहिलं. सेकंद पुढे सरकत होते.

मग तो म्हणाला, "पाणी जास्त घालू नका त्याला."